४१२ नोंदी, त्यातल्या ८७ पोकळ: ब्राउझरमधून भरलेल्या एका संदर्भसंग्रहाची तपासणी

प्रबंध सादर करायला पाच आठवडे उरले होते. विषय हवेच्या प्रदूषणाचा. मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणातल्या एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली: 'जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत असावी.' वाक्याला संदर्भ जोडलेला होता आणि संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या संग्रहात होता. नोंदीवर दोनदा क्लिक केल्यावर ब्राउझरमध्ये संघटनेचं माहितीपान उघडलं. तिथे आकडा होता ५.

वाक्य लिहिलं तेव्हा चूक नव्हतं. नोंद नोव्हेंबर २०२० मधली होती आणि तेव्हा २००५ ची मार्गदर्शक मूल्यं लागू होती. २२ सप्टेंबर २०२१ ला संघटनेनं नवी मूल्यं जाहीर केली. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक मर्यादा १० वरून ५ वर आली, नायट्रोजन डायऑक्साइडची ४० वरून थेट १० वर. पानाचा पत्ता तोच राहिला, मजकूर बदलला. संग्रहातल्या नोंदीत शीर्षक, पत्ता आणि 'पाहिल्याची तारीख' एवढंच होतं. त्या दिवशी पानावर काय लिहिलं होतं याचा पुरावा कुठेच नव्हता.

या प्रकरणातली संशोधिका आणि नोंदींचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. दोष मात्र ब्राउझरमधून भरलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या संग्रहात सापडणारे आहेत.

संग्रह कसा भरला गेला

साधनं नेहमीचीच होती. संगणकावर झोटेरो, ब्राउझरमध्ये उघडं पान झोटेरोत जतन करणारा झोटेरो कनेक्टर आणि लेखनासाठी वर्डमधलं झोटेरोचं प्लगइन. मार्च २०२० पासून साडेचार वर्षांत ४१२ नोंदी जमल्या: २३६ शोधलेख, ११८ वेबपानं, ४१ अहवाल, १७ इतर. वरवर पाहता संग्रह नीटनेटका होता, विषयवार फोल्डर होते, टॅगही होते.

पहिले सहा महिने सगळं ठीक चाललं. सप्टेंबर २०२० मध्ये सिंक करताना, म्हणजे संगणकावरचा संग्रह झोटेरोच्या सर्व्हरशी जुळवताना, साठवण संपल्याचा इशारा आला. झोटेरोच्या सर्व्हरवर फायलींसाठी ३०० एमबी जागा फुकट मिळते. एका शोधलेखाची पीडीएफ दोन-चार एमबीची असते, चित्रांनी भरलेल्या पानाचा स्नॅपशॉट, म्हणजे पानाची त्या वेळची जतन केलेली प्रत, तीही तेवढीच. शंभरेक नोंदींत ही जागा भरते. संशोधिकेनं सेटिंग्ज उघडली, 'जनरल' विभागातल्या 'वेबपानांची नोंद करताना आपोआप स्नॅपशॉट घ्या' या ओळीसमोरची खूण काढली आणि इशारा पुन्हा येईना.

सगळं इथून बिघडलं. ३०० एमबीची मर्यादा सर्व्हरवर चढवलेल्या फायलींना आहे. शीर्षक, लेखक, टिपणं, टॅग ही नोंदींची माहिती त्यात मोजली जात नाही. आपल्या संगणकावर किती फायली ठेवायच्या याला तर झोटेरोची काहीच मर्यादा नाही. बंद करायचं होतं ते फायलींचं सिंक, म्हणजे 'सिंक' विभागातली 'माय लायब्ररी'तल्या फायली चढवण्याची खूण. ती काढली असती तर स्नॅपशॉट संगणकावर साठत राहिले असते आणि नोंदींचं सिंकही चालू राहिलं असतं. दुसऱ्या संगणकावर फायली हव्या असतील तर जास्तीची जागा विकत घेता येते किंवा स्वतःचा वेबडॅव्ह सर्व्हर (फायली साठवायचा एक प्रकारचा सर्व्हर) जोडता येतो. वेबडॅव्ह फक्त वैयक्तिक संग्रहाला चालतो, गटाच्या संग्रहाला नाही. चुकीची खूण काढल्यामुळे पुढची चार वर्षं प्रत्येक वेबपानाची नुसती पाटी जतन होत राहिली.

बटणाचं चित्र काय सांगतं

स्नॅपशॉटचा प्रश्न ठळक होता म्हणून आधी सापडला. तपासणीत बाकीचे दोष निघाले त्यांचं मूळ एकच होतं: बटण दाबण्याआधी त्याच्या चित्राकडे पाहिलंच जात नव्हतं.

कनेक्टरचं बटण पानागणिक बदलतं. शोधलेखाच्या पानावर लेखाच्या कागदाचं चित्र येतं, पुस्तकाच्या पानावर पुस्तकाचं, शोधनिकालांच्या यादीवर फोल्डरचं, ब्राउझरमध्ये थेट पीडीएफ उघडलेली असेल तर पीडीएफचं आणि काहीच ओळखता आलं नाही तर साध्या वेबपानाचं. यामागे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना झोटेरोत ट्रान्सलेटर म्हणतात. मोठ्या प्रकाशकांसाठी, ग्रंथालयांच्या सूचींसाठी, वृत्तपत्रांसाठी वेगवेगळे ट्रान्सलेटर लिहिलेले आहेत. संकेतस्थळासाठी खास ट्रान्सलेटर नसेल तर पानाच्या कोडमध्ये लपलेले टॅग वाचले जातात: शीर्षक, लेखक, प्रकाशनाची तारीख, डीओआय (शोधलेखाचा कायमचा ओळखक्रमांक), पीडीएफचा पत्ता. गूगल स्कॉलरही हेच टॅग वाचतं, म्हणून शोधपत्रिका ते भरतात. टॅगही नसतील तर कनेक्टरच्या हाती फक्त पानाचं शीर्षक, पत्ता आणि आजची तारीख उरते. साध्या वेबपानाचं चित्र दिसलं की समजायचं, लेखक आणि तारीख आपल्यालाच भरायची आहे.

बटणावर राइट-क्लिक केलं की बाकीचे पर्याय दिसतात: एम्बेडेड मेटाडेटा (पानात लपलेले तेच टॅग), डीओआय, स्नॅपशॉटसह वेबपान, स्नॅपशॉटविना वेबपान. हा मेन्यू संशोधिकेनं साडेचार वर्षांत एकदाही उघडला नव्हता. त्याची किंमत नऊ नोंदींना मोजावी लागली. त्या सगळ्या बातम्या होत्या, पण संग्रहात बातमी नव्हतीच, शोधलेख होता. बातमीत एखाद्या अभ्यासाचा डीओआय दिलेला असला की कनेक्टर कधीकधी तोच पकडतो, बटणावर फोल्डर दिसतो आणि दाबून यादीतून निवडल्यावर तो अभ्यास जतन होतो. प्रबंधात वाक्य बातमीतलं आणि संदर्भ मूळ अभ्यासाचा अशी जोडी जमली. त्यांतल्या दोन ठिकाणी तर अभ्यासात ते विधान नव्हतंच, ते पत्रकारानं काढलेलं अनुमान होतं. अशा पानावर राइट-क्लिक करून 'स्नॅपशॉटसह वेबपान' निवडायचं आणि अभ्यास वेगळा उघडून वाचून वेगळा जतन करायचा.

अहवालांच्या ४१ नोंदी

४१ अहवालांपैकी २३ ना नावगाव नव्हतं. 'डाउनलोड', 'रिपोर्ट फायनल', नुसते आकडे अशी शीर्षकं होती. सगळ्यांची पद्धत एकच होती: शोधयंत्रातून थेट पीडीएफ उघडायची आणि तिथेच बटण दाबायचं.

पीडीएफच्या टॅबमध्ये कनेक्टरला वाचायला टॅग नसतात. तो फक्त फाइल उचलतो. मग झोटेरो फायलीच्या पहिल्या काही पानांतला मजकूर घेऊन तिची ओळख पटवायचा प्रयत्न करतो. डीओआय किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) सापडला तर नोंद तयार होते. शोधलेखांचं बहुतेकदा जमतं. सरकारी अहवाल, परिपत्रकं आणि स्कॅन केलेल्या जुन्या फायलींचं सहसा जमत नाही, कारण स्कॅनमध्ये मजकूर नसतो, फक्त चित्र असतं.

उपाय साधा आहे: पीडीएफवर उभं राहून जतन करू नये. जिथून ती उघडली त्या गोषवाऱ्याच्या किंवा प्रकाशनाच्या पानावर जाऊन बटण दाबावं. पीडीएफ उपलब्ध असेल तर कनेक्टर ती आपणहून सोबत आणतो. प्रकाशकाच्या संकेतस्थळानं 'तुम्ही माणूस आहात ना' असं विचारून डाउनलोड अडवलं, तर फाइल हातानं उतरवून नोंदीवर ओढून टाकावी. आधीच पोरक्या, म्हणजे नोंदीविना, पडलेल्या पीडीएफसाठी तिच्यावर राइट-क्लिक करून 'क्रिएट पॅरेंट आयटम' निवडायचं आणि डीओआय किंवा आयएसबीएन टाकायचा. नसेल तर माहिती हातानं भरायची. २३ पैकी ६ अहवालांना क्रमांक सापडला, १७ हातानं भरावे लागले.

हातानं भरताना एक चूक इतक्यांदा होते की ती इथेच सांगतो. लेखकाच्या रकान्यात आडनाव आणि नाव असे दोन भाग असतात. मंडळ, आयोग, संघटना लेखक असेल तर रकान्याच्या कडेचं छोटं बटण दाबून तो एकभागी करावा. नाहीतर संस्थेच्या नावाचे तुकडे पडतात आणि संदर्भसूचीत 'संघटना, जा. आ.' असं काहीतरी छापून येतं.

दुरुस्ती

पहिलं काम: झोटेरो बंद करून त्याच्या डेटा फोल्डरची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. या फोल्डरमध्ये डेटाबेसची एक फाइल असते आणि 'स्टोरेज' नावाचा फोल्डर, ज्यात प्रत्येक जोडफायलीसाठी आठ अक्षरी नावाचा उपफोल्डर असतो. दोन्ही लागतात. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. आणि हा फोल्डर ढगातल्या सामाईक ड्राइव्हमध्ये ठेवायचा मोह टाळावा. झोटेरो चालू असताना ड्राइव्हचा प्रोग्रॅम डेटाबेस अर्धवट उचलतो आणि तो खराब होऊ शकतो.

मग स्नॅपशॉट नसलेली पानं शोधली. आधी प्रगत शोधात 'प्रकार वेबपान' ही अट घालून तो शोध जतन केला. त्या यादीत 'अटॅचमेंट' हा स्तंभ दाखवून त्याच्या मथळ्यावर क्लिक केलं, की जोडफाइल नसलेल्या नोंदी एकत्र आल्या: ११८ पैकी ८७. तीन रंगीत टॅग केले, 'तसंच', 'बदललं', 'गेलं'. रंग दिलेल्या टॅगला १ ते ९ यांपैकी एक आकडा मिळतो आणि नोंद निवडून तो आकडा दाबला की टॅग लागतो. ८७ पानं उघडून बघायची असतात तेव्हा ही सोय हात वाचवते.

पहिल्या फेरीत फक्त सहा पानं 'गेलं' निघाली. आकडा संशयास्पद होता. बारकाईनं बघितल्यावर कळलं की आठ पत्ते उघडत होते, पण संकेतस्थळाच्या मुख्य पानावर नेऊन सोडत होते. सर्व्हर चूक कळवत नाही, गुपचूप दुसरीकडे वळवतो. त्यामुळे पत्ता उघडला एवढ्यावर विश्वास ठेवता येत नाही, शीर्षक आणि उद्धृत केलेलं वाक्य पानावर शोधावंच लागतं. अखेर हिशोब असा लागला: ५२ तशीच, २१ बदललेली, १४ गेलेली. हे काही दुर्दैव नव्हे. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडली नव्हती.

तशीच असलेली ५२ पानं आधी घेतली, कारण तीही उद्या बदलू शकतात. आता स्नॅपशॉटची खूण परत घातली, फायलींचं सिंक बंद केलं आणि एकेक पान पुन्हा जतन केलं. मात्र इथे एक सापळा आहे. पान पुन्हा जतन केलं की नवी नोंद तयार होते. मोह होतो तो जुनी पुसून टाकण्याचा. तसं करू नये. वर्डमधला प्रत्येक संदर्भ नोंदीच्या अंतर्गत किल्लीला बांधलेला असतो. जुनी नोंद पुसली की दस्तऐवजातल्या संदर्भाचा धागा तुटतो. मजकूर दिसत राहतो, पण पुढे केलेली कुठलीही दुरुस्ती तिथे पोहोचत नाही. त्याऐवजी नव्या नोंदीखालचा स्नॅपशॉट ओढून जुन्या नोंदीवर सोडायचा आणि मग रिकामी झालेली नवी नोंद पुसायची. दोन्ही नोंदींत कामाची माहिती असेल तर दोन्ही निवडून विलीन कराव्यात. विलीन करताना झोटेरो जुन्या किल्लीची आठवण ठेवतो, संदर्भ शाबूत राहतात. त्यासाठी दोन्हींचा प्रकार एकच असावा लागतो.

स्नॅपशॉट ब्राउझरमध्ये त्या क्षणी दिसणाऱ्या पानाचा निघतो. हे नीट समजून घेतलं तर निम्मे त्रास टळतात. कुकीची पट्टी समोर असेल तर ती मजकुरावर ठाण मांडून बसते, म्हणून आधी ती बंद करायची. खालची चित्रं स्क्रोल केल्यावरच उतरणारी असतील तर आधी शेवटपर्यंत जाऊन परत वर यायचं. मिटलेले भाग, 'आणखी वाचा' वगैरे, उघडून ठेवायचे. हलते नकाशे आणि बोट ठेवल्यावर आकडे दाखवणारे आलेख स्नॅपशॉटमध्ये जिवंत राहत नाहीत. त्यांच्यामागची आकड्यांची फाइल वेगळी उतरवून नोंदीला जोडलेली बरी. लॉगिन करून पाहिलेल्या पानावर आपलं नाव किंवा ईमेल कोपऱ्यात असतो, तोही स्नॅपशॉटमध्ये जातो. गटाच्या संग्रहात टाकण्यापूर्वी हे बघावं. वर्गणीदारांसाठीचा मजकूरही तिथे वाटू नये. आणि जतन होताना वर येणाऱ्या छोट्या चौकटीत जोडफायलीच्या ओळीवर जतन फसल्याची फुली तर आली नाही ना, हे पाहूनच टॅब बंद करावा. घाईत टॅब मिटला तर स्नॅपशॉट अर्धाच राहतो.

हे सगळं जमलं का, याची खात्रीची परीक्षा एकच. नेट बंद करायचं आणि स्नॅपशॉट उघडायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या झोटेरो ७ पासून तो झोटेरोतच उघडतो आणि पीडीएफसारखा त्यावर रंगही मारता येतो. उद्धृत केलेल्या ओळीवर तिथल्या तिथे खूण केली की पडताळणीचं काम पुन्हा करावं लागत नाही.

बदललेली आणि गेलेली पानं

या ३५ पानांसाठी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनकडे, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रतींच्या सार्वजनिक साठ्याकडे, जावं लागलं. नोंदीतली 'पाहिल्याची तारीख' इथे कामाला आली. पानाचा पत्ता टाकल्यावर कॅलेंडर येतं, त्यातून त्या तारखेच्या सर्वांत जवळची प्रत निवडायची. प्रतीच्या पत्त्यात १४ अंकी काळशिक्का असतो: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, जागतिक प्रमाणवेळेनुसार. याच अंकांपुढे 'आयएफ' ही दोन छोटी लॅटिन अक्षरं आणि एक अंडरस्कोर जोडला की वरची वेबॅकची पट्टी जाते आणि स्नॅपशॉट स्वच्छ निघतो. काढलेला स्नॅपशॉट जुन्या नोंदीवर ओढला आणि काळशिक्क्यासह पत्ता 'एक्स्ट्रा' रकान्यात लिहिला. मूळ पत्ता पुसला नाही.

२१ बदललेल्या पानांपैकी १६ च्या योग्य काळातल्या प्रती मिळाल्या, १४ गेलेल्यांपैकी ११ च्या. हे नशीब होतं. कुणीतरी किंवा आर्काइव्हच्या यंत्रणेनं ती पानं तेव्हा उचलली होती. आपल्या हातात आहे ते एवढंच की महत्त्वाचं पान जतन करताना त्याच वेळी वेबॅकच्या 'सेव्ह पेज नाऊ'मध्येही पत्ता टाकावा. आपल्या संगणकावरचा स्नॅपशॉट आपल्या कामाचा असतो, परीक्षकाला मात्र सार्वजनिक प्रत दाखवता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पानाची २०२० मधली प्रत सापडली आणि तिच्यात १० हाच आकडा होता. तरी प्रबंधात ते माहितीपान संदर्भ म्हणून ठेवलं नाही. माहितीपान आकडा सांगतं, ठरवत नाही. २००५ ची मार्गदर्शक मूल्यं आणि २०२१ ची मार्गदर्शक मूल्यं ही दोन स्वतंत्र प्रकाशनं आहेत. दोन्हींची वेगळी नोंद केली आणि वाक्य बदललं: मोजमापांच्या काळात कुठली मर्यादा लागू होती आणि नंतर ती किती झाली, हे दोन्ही त्यात आलं. जिथे पान दुसऱ्या दस्तऐवजाचा सारांश देत असेल, तिथे तो दस्तऐवजच जतन करावा असं आमचं ठाम मत आहे.

राहिलेल्या ८ पानांची कुठेही प्रत नव्हती. पाच पानं बदललेली होती, त्यांतल्या चौघांवरचं उद्धृत विधान सध्याच्या मजकुरातही वेगळ्या शब्दांत होतं, म्हणून आजची तारीख घालून नव्यानं स्नॅपशॉट घेतला आणि अवतरणचिन्हं काढली. पाचव्यातून आणि गेलेल्या तिघांपैकी दोघांतून घेतलेल्या माहितीला शोधलेखांतून पर्यायी आधार मिळाला. शेवटचं पान एका संस्थेच्या संवेदकांच्या जागांची यादी होतं. ती दुसरीकडे कुठेच नव्हती. तिच्यावर आधारलेला तक्ता प्रबंधातून काढावा लागला.